सव्वा फूट

भिंतीचा खर्च निम्मा-निम्मा,
हे मार्चमध्ये ठरलं, गेटवर उभ्या-उभ्या, चहाशिवाय.
लांबी त्रेचाळीस फूट, उंची पाच.
सहावा फूट हिंदुरावांना हवा होता,
तो त्यांच्या एकट्याच्या पैशातून.
गिलावा ज्याचा त्यानं.
मी वहीत लिहून घेतलं, सही घेतली.
विटा आगाराच्या हिशेब खात्यात
एकतीस वर्षं सुट्ट्या पैशांच्या पिशव्या मोजल्यात मी;
माणूस बोलतो तोंडानं, आठवतो सोयीनं.

हिंदुराव देवकर कोइमतुरातून परत आलेले.
चाळीस वर्षं गलाई,
परक्यांच्या मोडीतलं सोनं भट्टीत वेगळं केलेलं.
भुवया तिकडंच जळाल्या, पुन्हा नीट आल्याच नाहीत.
काही ठरलं की म्हणतात, "सरी."
तिकडच्या भाषेत ते ‘बरं’.
आमच्याकडं सरी उसाची,
ती एक जरी इकडची तिकडं झाली
तर डोकी फुटतात.

दस्तगीर मुलाणीनं जुनी तार काढली,
तिच्या जागी दोरी ताणली,
दोरीच्या दोन्ही अंगाला सव्वा-सव्वा फूट
पाया खणायला घेतला.
तिसऱ्या दिवशी दुपारी पहार वाजली.
चराच्या अगदी काठाला, माझ्या बाजूला,
अळवाच्या मुळ्यांत
हद्दीचा दगड.
वर छिन्नीनं मारलेली फुली, शाबूत.

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं,
आणि बिडी पेटवायला पाठ फिरवली.
असल्या वेळी गवंड्याला दिसत नसतं.

त्रेचाळीस गुणिले सव्वा,
पावणेचोपन्न चौरस फूट.
मी न सांगता मनानं गुणाकार केला.
बावीस वर्षं मी तिथं अळू लावत होते,
दर श्रावणात वड्या करून त्यांच्याकडं डबा पाठवत होते,
त्यांच्याच जमिनीतल्या,
उपकार केल्यासारख्या.

हिंदुराव चरात उतरले. गुडघे दुखतात, तरी.
फुलीतली माती नखानं काढली,
वाकून, एक डोळा मिटून बघितली.
गुंजभर सोन्यासाठी
ज्यानं भट्टीपुढची राख झाडून, धुऊन, चाळून घेतली,
तो माणूस उठला, हात लुंगीला पुसले.
"दोरी हाय तिथंच ऱ्हाऊ दे," दस्तगीरला म्हणाले,
"आन् ह्यो दगड पायातच घाल. बळकट हाय."

मी म्हटलं, मग खर्च सगळा माझा.
"न्हाई. निम्मा म्हंजे निम्मा. सही केलीया न्हवं मी?"
मी म्हटलं, निदान जागेचे तरी...
"वैनी. सरी."

त्या रात्री मला राग आला.
त्यांनी घासाघीस केली असती,
मोजणी आणीन म्हणाले असते,
तर मी भांडले असते आणि झोपले असते.

एकूण सत्त्याऐंशी हजार चारशे चाळीस.
माझे त्रेचाळीस हजार सातशे वीस. त्यांचे तेवढेच.
सहाव्या फुटाचे वेगळे, ते त्यांनी न सांगता दिले.
त्यांची बाजू आता पिस्ता रंगाची.
माझ्याकडच्या विटा अजून उघड्याच.
पैसे आहेत. गवंडी आहे.
बघू.

चाकणहून मुलाचा फोन येतो:
आई, पुढंमागं विकायचं झालं तर
एकदा मोजणी करून घेऊ.
मी म्हणते, करू की, घाई काय.

वहीत सिमेंट, कच, मजुरी, चहा-भडंग,
सगळं रुपयानिशी उतरवलंय.
शेवटी एक ओळ घातली:
सव्वा फूट, देवकरांचा.
रकमेचा रकाना मोकळा.
खाली माझी सही, तारीख.
मुलाला वाचता येईल अशा अक्षरात.

आज अळू काढलं. वड्या केल्या.
पूर्वी तारेवरून डबा देता यायचा.
आता भिंत डोक्याच्या वर,
म्हणून चप्पल घातली,
माझं गेट लावलं,
त्यांचं उघडलं.